चार सड, एक स्लाइड: सूक्ष्मदर्शकाखाली अनेक नमुने शेजारी शेजारी कसे पाहावेत

गाईची कास बाहेरून एक दिसते, पण आत तिचे चार स्वतंत्र कप्पे असतात. एका सडाचं दूध दुसऱ्या सडात कधीच जात नाही. म्हणून दगडी (कासदाह) पुष्कळदा एकाच सडाला होते आणि बाकीचे तीन सड ठणठणीत असतात. सुप्त कासदाहात, म्हणजे बाहेरून न दिसणाऱ्या दगडीत, तर त्या चौथ्या सडाला सूज नसते, दुधात गाठी नसतात, गाय लाथही मारत नाही. चारही सडांचं दूध एका बादलीत आलं की आजारी सडाचं दूध इतर तिघांत लपून जातं. शेतकऱ्याला एवढंच कळतं की एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) घसरलं आणि दूध थोडं कमी झालं.

अशा वेळी चारही सडांचं दूध वेगवेगळं घेऊन एकाच स्लाइडवर शेजारी शेजारी ठेवून पाहिलं, तर दहा मिनिटांच्या निरीक्षणात दोषी सड सापडतो, कारण आजारी सडाच्या दुधात जंतूंशी लढायला आलेल्या पेशी जास्त असतात. अनेक नमुने एकत्र पाहण्याची पद्धत मी या उदाहरणावरून सांगणार आहे, कारण हे काम मी वर्षानुवर्षं केलं आहे. शिवाय या कामात लागणारी जवळजवळ प्रत्येक काळजी इथे एकदा तरी येते. तुम्ही तळ्याचं पाणी, परागकण किंवा बुरशी पाहत असाल तरी पायऱ्या थोड्याफार अशाच राहतील.

एकत्र का पाहायचं, ते आधी स्पष्ट करतो. डोळ्याला रंगाची छटा आणि पेशींची गर्दी लक्षात राहत नाही. आज एक स्लाइड पाहिली आणि उद्या दुसरी, तर 'कालच्यापेक्षा जास्त दिसतंय' या वाक्याला काही अर्थ नसतो. काल स्टेन (पेशी रंगवायचं द्रावण) ताजा होता, आज जुना आहे. काल दिवा मंद होता, आज प्रखर आहे. चार नमुने एकाच काचेवर, एकाच वेळी वाळवलेले, एकाच भांड्यात रंगवलेले आणि एकाच उजेडात पाहिलेले असले, तरच त्यांच्यातला फरक हा नमुन्यांतला फरक ठरतो. यात वेळही वाचतो, पण तो दुय्यम फायदा. खरा फायदा तुलना न्याय्य होण्याचा आहे.

कुठे हे करू नये

माणसाच्या थुंकीतले क्षयरोगाचे जंतू शोधताना दोन रुग्णांचे नमुने एका स्लाइडवर कधीही ठेवू नयेत. तिथे एका नमुन्याला एक नवी स्लाइड हाच नियम आहे. एखादाच जंतू लेन्सखाली घालतात त्या तेलातून घरंगळत शेजारच्या नमुन्यात गेला, तर निरोगी माणसाला महिनोन्महिने औषधं चालू होतात. जिथे एका पेशीवर निर्णय ठरतो तिथे नमुने वेगळे ठेवायचे, आणि जिथे शेकडो पेशी मोजून तुलना करायची आहे तिथे शेजारी मांडायचे. दुधातल्या पेशी मोजणं दुसऱ्या प्रकारात बसतं.

आधी ओळख, मग नमुना

सर्वांत जास्त लक्ष इथे द्या. रंग फिका आला तर पुन्हा रंगवता येतं, काचेवर पसरलेल्या दुधाचा थर जाड झाला तर पुन्हा देता येतो. पण कोणता चौकोन कोणत्या सडाचा हे एकदा हरवलं की ती स्लाइड म्हणजे नुसती निळे डाग असलेली काच.

साधी स्लाइड ७५ मिलिमीटर लांब आणि २५ मिलिमीटर रुंद असते. एका टोकाला २० मिलिमीटरचा घासून खरबरीत केलेला पांढरट भाग असतो, तसली स्लाइड घ्या. उरतात ५५ मिलिमीटर. त्यात १० मिलिमीटर बाजूचे चार चौकोन, मधे तीन-तीन मिलिमीटरची जागा सोडून, एका ओळीत बसतात. एकूण ४९ मिलिमीटर लागतात.

हे चौकोन स्लाइडवर काढू नका. आलेखाच्या कागदावर काळ्या पेनाने एकदा नीट आखा, तो कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवा आणि स्लाइड त्यावर ठेवून काचेतून खालच्या रेषा बघत काम करा. मेणपेन्सिलीने किंवा नेलपॉलिशने काचेवरच कुंपण घालायची सवय पुष्कळांना असते आणि साध्या पाण्यातल्या नमुन्यांना ती चांगलीच. पण दुधातला फॅट काढायला झायलीन वापरतो, आणि झायलीन मेणाचं ते कुंपण धुऊन नेतं. विरघळलेलं मेण मग चारही थरांवर पसरतं.

नाव घालायचं ते फक्त शिसपेन्सिलीने, त्या खरबरीत भागावर. मार्कर पेन नको, त्यावर 'पर्मनंट' लिहिलेलं असलं तरी नको. हे मी हात पोळून शिकलो. कामाला लागलो त्या पहिल्या वर्षी सहा गाईंच्या सहा स्लाइडी मार्करने नंबर घालून एकाच भांड्यात रंगवल्या. अल्कोहोलमधून बाहेर आल्या तेव्हा सहाही टोकं कोरी होती आणि भांड्यातलं द्रव जांभळट झालं होतं. त्या सहा गोठ्यांत मला पुन्हा जावं लागलं, पुन्हा पहाटेच्या धारेला. गाईवाल्यांनी दुसऱ्यांदा नमुने दिले, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा प्रश्न मला आजही आठवतो. तेव्हापासून माझ्या टेबलावर मार्कर नसतो.

आता डावं-उजवं. सडांची नावं गाईच्या बाजूने घ्यायची, आपल्या बाजूने नाही. गाईच्या मागे उभं राहून तिच्या डोक्याकडे तोंड केलं की तिचं डावं ते आपलं डावं. धार काढायला बसणारा माणूस बहुधा तिच्या उजव्या अंगाला बसतो, त्यामुळे त्याला विचारलं की 'अलीकडचा' आणि 'पलीकडचा' अशी उत्तरं येतात. त्याला समजेल तसंच विचारा, पण वहीत लिहिताना पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा असंच लिहा. हाच क्रम बाटल्यांवर, हाच स्लाइडवर, हाच वहीत. मी १ ते ४ आकडे वापरतो आणि आकड्याचा अर्थ वहीच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर पुन्हा लिहितो.

स्लाइडची दिशा ठरवायला एक साधा नियम पुरतो: पेन्सिलीचं टोक नेहमी डाव्या हाताला आणि पेन्सिलीची बाजू वर. त्या टोकालगतचा चौकोन क्रमांक १.

नमुना घेताना

सड कोरड्या स्वच्छ कापडाने पुसा. ७० टक्के अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने सडाचं तोंड पुसा आणि वाळू द्या. आधी पलीकडचे सड पुसायचे, मग अलीकडचे. दूध घेताना उलट, आधी अलीकडच्या सडांचं घ्यायचं. म्हणजे पुसलेल्या सडावरून बाही फिरत नाही. पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या भांड्यात काढून टाका. गोठ्याच्या जमिनीवर टाकू नका, सड आजारी असेल तर तिथूनच जंतू पसरतात. मग बाटली आडवी धरून पाच-दहा मिलिलिटर दूध घ्या, म्हणजे वरून शेण-धूळ पडत नाही.

गोठ्यातच प्राथमिक चाचणी करायची असेल तर चार वाट्यांचं प्लास्टिकचं पात्र मिळतं. १९५७ मध्ये शाल्म आणि नूरलँडर यांनी मांडलेली कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट त्यात करतात. प्रत्येक वाटीत एका सडाचं दूध, त्यात या चाचणीचं तेवढंच द्रावण, आणि पात्र गोल फिरवायचं. पेशी जास्त असतील तर वाटीतलं दूध चिकट, लिबलिबीत होतं. अनेक नमुने एकत्र पाहण्याचं याहून सोपं साधन मी पाहिलेलं नाही. मात्र पात्राची मूठ गाईच्या शेपटीकडे की डोक्याकडे, हे एकदा ठरवा आणि मग बदलू नका.

दूध बर्फाच्या डब्यात आणा, पण गोठवू नका. गोठवल्यावर पेशी फुटतात आणि मोजायला काही उरत नाही. त्याच दिवशी थर द्यावा हे उत्तम.

वहीत गाय कधी व्यायली तेही लिहून ठेवा. चिकात आणि आटत आलेल्या गाईच्या दुधात पेशी तशाही जास्त असतात. तिथे चारही सड सारखेच वाढलेले दिसतात, आणि शेजारी शेजारी मांडल्यामुळेच ते ओळखू येतं.

थर देणं

ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत प्रेस्कॉट आणि ब्रीड यांनी १९१० मध्ये ती प्रसिद्ध केली आणि पुढे ती ब्रीडच्या नावानेच ओळखली गेली. कल्पना अगदी सरळ आहे: ठरलेलं दूध ठरलेल्या जागेत पसरवा, म्हणजे मोजलेल्या पेशींवरून एका मिलिलिटरमधल्या पेशी काढता येतात. ठरलेलं दूध म्हणजे ०.०१ मिलिलिटर, ठरलेली जागा म्हणजे एक चौरस सेंटिमीटर. यंत्राने सोमॅटिक सेल (दुधात आलेल्या गाईच्या शरीराच्या पेशी) मोजणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळाही आपलं यंत्र सूक्ष्मदर्शकाखालच्या मोजणीशी ताडून पाहतात.

स्लाइड नवी असली तरी तिच्यावर चिकट पापुद्रा असतो. अल्कोहोलमध्ये बुडवून स्वच्छ कापडाने पुसा. पुसलेल्या काचेवर पाण्याचा थेंब ठेवून पाहा. तो सपाट पसरला तर काच स्वच्छ, गोळा होऊन बसला तर पुन्हा पुसा. चिकट काचेवर दूध चौकोनात राहत नाही, आकसून मधे येतं.

चारही बाटल्या ३८ ते ४० अंश सेल्सियसच्या कोमट पाण्यात ठेवा. थंड दुधात साय वर येते आणि पुष्कळ पेशी तिच्यासोबत वर जातात. बाटली हलक्या हाताने दहा-बारा वेळा उलटी-सुलटी करा. खळखळून हलवू नका, फेस झाला की पिपेटमध्ये हवा येते.

मायक्रोपिपेट (बटण दाबून अगदी थोडं द्रव मोजून घ्यायचं साधन) १० मायक्रोलिटरवर, म्हणजे ०.०१ मिलिलिटरवर लावा. दूध ओढल्यावर टिपचं, म्हणजे पुढच्या प्लास्टिकच्या टोकाचं, बाहेरचं अंग टिश्यू पेपरने पुसा, टोकाला मात्र कागद लागू देऊ नका. १० मायक्रोलिटर हे इतकं थोडं असतं की टिपच्या बाहेर चिकटलेल्या दुधानेही उत्तर बदलतं. चौकोनाच्या मध्यावर दूध सोडा, बटण पहिल्या टप्प्यापर्यंतच दाबा. दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबलं की बुडबुडा येतो आणि थरात गोल भोक पडतं. मग टोक वाकवलेल्या सुईने दूध मधून कोपऱ्यांकडे ओढत चौकोन भरा. पुढच्या नमुन्याला नवी टिप, आणि सुई स्पिरिट लॅम्पवर लाल करून गार केलेली.

चार चौकोन भरेपर्यंत पहिला वाळायला लागतो, म्हणून हात न थांबवता करा. स्लाइड लगेच सपाट, समतल जागी ठेवा. समतल म्हणजे खरंच समतल. टेबल किंचित कललेलं असलं तरी दूध एका कडेला जमतं आणि थराची ती बाजू गडद होते. गवंड्याचं पाणसळ टेबलावर ठेवून एकदा पाहून घ्या. ४० ते ४५ अंशांवर पाच-दहा मिनिटांत थर वाळायला हवा. फार तापवलं तर त्याला भेगा पडतात आणि रंगवताना पापुद्रे निघून जातात. फार सावकाश वाळलं तर जंतू तेवढ्यात वाढतात.

एका गाईच्या मी दोन स्लाइडी करतो. पहिलीवर क्रम १-२-३-४, दुसरीवर ४-३-२-१. टोकाचा चौकोन जास्त तापला, मधल्यात स्टेन साचला, असे जागेमुळे येणारे दोष यातून उघडे पडतात. तिसरा सड दोन्ही स्लाइडींवर वाईट दिसला तर दोष सडात आहे. पहिल्या स्लाइडवर तिसरा आणि दुसऱ्या स्लाइडवरही तिसऱ्याच जागेवरचा चौकोन वाईट दिसला, तर दोष तुमच्या टेबलात आहे. हा उलटा क्रम करायला दोन मिनिटं जास्त लागतात आणि मी ती कधी वाचवत नाही.

रंगवणं

फॅट काढणं, थर काचेला घट्ट बसवणं आणि रंग देणं, ही तीन कामं आहेत. न्यूमन-लँपर्ट नावाचा तयार स्टेन मिळतो, तो तिन्ही कामं एकत्र करतो. त्यात मिथिलीन ब्लू असतो आणि टेट्राक्लोरोइथेन नावाचं द्रव असतं, ते विषारी आहे. तयार स्टेन नसेल तर झायलीन, मग अल्कोहोल, मग मिथिलीन ब्लू असं टप्प्याटप्प्याने करता येतं. झायलीनची वाफही छातीला आणि डोक्याला बाधते. दोन्ही कामं फ्यूम हूडखालीच (वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात) करा, स्लाइड चिमट्याने धरा. घरातल्या खोलीत, खिडकी उघडून, 'एकदाच तर करायचंय' असं म्हणून करू नका.

तयार स्टेनमध्ये स्लाइड साधारण दोन मिनिटं ठेवतात. बाटलीवर वेगळी वेळ लिहिलेली असेल तर ती पाळा. बाहेर काढून पूर्ण वाळू द्या आणि मगच कोमट पाण्यात हलकेच बुडवून धुवा. ओली असताना धुतली तर थर सुटतो.

स्लाइड निथळायला ठेवताना एक गोष्ट सांभाळा. ती टोकावर उभी केली तर स्टेन खाली उतरतो आणि सर्वांत खालचा चौकोन गडद निळा होतो. एकेकटी स्लाइड करणाऱ्याला याचा त्रास होत नाही, पण शेजारी शेजारी तुलना करायची असते तेव्हा हाच दोष आजारासारखा दिसतो. म्हणून स्लाइड लांब बाजूवर आडवी टेकवून निथळू द्या. चारही चौकोन जमिनीपासून सारख्या उंचीवर राहतात आणि सारखेच निथळतात.

म्हशीच्या दुधात फॅट गाईच्या जवळजवळ दुप्पट असतो, त्यामुळे फॅट नीट निघाला नाही तर थरात पोकळ गोल डाग दिसतात. गाय आणि म्हैस एका स्लाइडवर घेऊ नका. शेळीच्या दुधाची गोष्ट आणखी वेगळी. त्यात केंद्रक नसलेले पेशीद्रवाचे कण नैसर्गिकपणेच पुष्कळ असतात आणि मिथिलीन ब्लूने तेही निळे दिसतात. त्यासाठी केंद्रकालाच रंगवणारा पायरोनिन आणि मिथाइल ग्रीनचा स्टेन वापरतात.

सूक्ष्मदर्शकाखाली

स्लाइड वाळली की आधी नुसत्या डोळ्यांनी, पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा. चारही चौकोन सारखे फिके निळे असावेत. भेग, पापुद्रा, एका कडेला जमलेला गडद पट्टा दिसला तर वहीत लिहा.

स्लाइड स्टेजवर (सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइड ठेवायच्या पाटावर) बसवली की पेन्सिलीचं टोक डावीकडे आहे ना ते पाहा. संयुक्त सूक्ष्मदर्शकातली प्रतिमा उलटी आणि डावी-उजवी फिरलेली असते. स्लाइड उजवीकडे सरकवली की चित्र डावीकडे पळतं. म्हणून आपण कुठल्या चौकोनात आहोत हे आयपीसमधून (डोळा लावतो त्या भिंगातून) पाहून ठरवू नका, स्टेजच्या मोजपट्टीवरून ठरवा. आपल्या आखणीत दोन चौकोनांच्या मध्यांतलं अंतर १३ मिलिमीटर आहे. पहिल्याचा मध्य ७२ वर आला, तर पुढचे ५९, ४६ आणि ३३ वर येतील. (तुमच्या स्टेजवर आकडे उलट दिशेनेही वाढत असतील, पण १३ चा फरक तोच राहील.) हे चार आकडे वहीत लिहा. मग मध्येच फोन आला, कोणी दार वाजवलं, तरी परत आल्यावर चौकोन चुकत नाही.

दहाच्या (दहापट मोठं दाखवणाऱ्या) लेन्सने चारही चौकोनांवरून एकदा फिरून या. या फेरीत मोजायचं नाही, फक्त गर्दीचा अंदाज घ्यायचा आणि थर कुठे एकसारखा आहे ते पाहायचं. दिव्याचा प्रकाश आणि डायफ्रॅम (उजेड कमी-जास्त करणारी झडप) एकदा लावला की चारही नमुने संपेपर्यंत हलवायचा नाही. एखादा चौकोन फिका वाटला म्हणून उजेड कमी केला तर तुलना तिथेच संपली.

मग शंभरची ऑइल इमर्शन लेन्स, म्हणजे स्लाइडवर तेलाचा थेंब घालून वापरायची. ही लेन्स काचेपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशावर येते, त्यामुळे स्लाइड चुकून पालथी बसली असेल तर फोकस कधीच येत नाही आणि खाली दाबत राहिलं की काच तडकते. दोन वेळा प्रयत्न करून फोकस आला नाही तर थांबा, स्लाइड काढा, पेन्सिलीची बाजू वर आहे का ते पाहा.

तेल घालताना बाटलीचा दांडा थराला टेकवू नका, थेंब वरून पडू द्या. प्रत्येक चौकोनाला वेगळा थेंब, आणि एका चौकोनातून दुसऱ्यात जाताना लेन्स वर घेऊन लेन्स पेपरने टिपा. तेलासकट लेन्स सरकवत नेली तर सुटलेल्या पेशी सोबत जातात. दहाच्या फेरीत जो चौकोन सर्वांत गर्दीचा वाटला तो शेवटी मोजा.

दिसतं ते असं: फिक्या निळ्या पार्श्वभूमीवर गडद निळी केंद्रकं. एकाच पेशीत केंद्रकाचे तीन-चार तुकडे एकमेकांना चिकटून, जणू शेंगेतले दाणे, असे दिसले तर त्या न्यूट्रोफिल. जंतूंशी लढायला रक्तातून कासेत आलेल्या पेशी त्या याच. एकच गोल, भरीव केंद्रक असेल तर लिंफोसाइट, ही दुसऱ्या प्रकारची पांढरी पेशी. मोठी, पसरट, फिकट असेल तर मॅक्रोफेज (जंतू गिळणारी मोठी पेशी) किंवा कासेच्या अस्तरातली पेशी. निरोगी सडात तुम्ही दृश्यामागून दृश्य (एका वेळी दिसणारं गोल क्षेत्र) सरकवता आणि कधीतरी एखादी पेशी येते. आजारी सडाच्या चौकोनात शिरल्याबरोबर एका दृश्यात पाच, सात, दहा न्यूट्रोफिल आणि काहींच्या पोटात टिंबांसारखे जंतू. साखळीत असतील तर स्ट्रेप्टोकॉकस, घोसात असतील तर स्टॅफिलोकॉकस असा पहिला अंदाज बांधता येतो. पक्कं नाव कल्चरशिवाय (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहिल्याशिवाय) सांगू नये.

मोजणं

आधी आपल्या सूक्ष्मदर्शकाचं दृश्य किती मोठं आहे ते काढा. आयपीसवर छापलेला फील्ड नंबर ऑब्जेक्टिव्हच्या (नमुन्याकडच्या लेन्सच्या) पटीने भागायचा. फील्ड नंबर १८ आणि लेन्स शंभरची, तर दृश्याचा व्यास ०.१८ मिलिमीटर. स्टेज मायक्रोमीटर (बारीक मोजपट्टी कोरलेली स्लाइड) असेल तर त्यावर ताडून घ्या, त्यात एका मिलिमीटरचे शंभर भाग केलेले असतात.

०.१८ व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ०.०२५४५ चौरस मिलिमीटर. एका चौरस सेंटिमीटरमध्ये १०० चौरस मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३,९३० दृश्यं. या थरात ०.०१ मिलिलिटर दूध आहे, म्हणून शंभरने गुणा: ३,९३,०००. हा तुमच्या यंत्राचा गुणक. दर दृश्यात सरासरी एक पेशी दिसली तर दुधात मिलिलिटरमागे ३.९३ लाख पेशी आहेत. आकडा कागदावर लिहून सूक्ष्मदर्शकाच्या बुंध्याला चिकटवा आणि आयपीस बदलला की पुन्हा काढा.

दृश्यं निवडायची नाहीत. हात आपोआप गर्दीकडे जातो. चौकोनाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवी पट्टी धरा आणि एक सोडून एक दृश्य मोजा, मग तशीच उभी पट्टी. १० मिलिमीटरमध्ये ०.१८ ची सुमारे ५५ दृश्यं बसतात, तेव्हा दोन्ही पट्ट्या मिळून ५० च्या पुढे जातात. कडा आणि मध्य दोन्ही मोजणीत येतात. हे महत्त्वाचं, कारण वाळताना पेशी कडेला सरकतात. वर्तुळाच्या काठावर कापलेली पेशी उजव्या अर्ध्या काठावर असेल तर मोजा, डाव्या काठावर असेल तर सोडा.

समजा प्रत्येकी ५० दृश्यांत पुढच्या डाव्या सडात १४, पुढच्या उजव्यात ११, मागच्या डाव्यात ३१२ आणि मागच्या उजव्यात २२ पेशी आल्या. ५० ने भागून ३,९३,००० ने गुणलं तर अनुक्रमे १.१ लाख, ०.८६ लाख, २४.५ लाख आणि १.७३ लाख. चारही सडांनी सारखं दूध दिलं असं धरलं तर बादलीतलं दूध ७ लाखांच्या आसपास येईल. युरोपीय संघात कच्च्या गाईच्या दुधाची मर्यादा ४ लाख आहे आणि अमेरिकेत ७.५ लाख. बादलीचा आकडा एवढंच सांगतो की काहीतरी बिघडलंय. मागचा डावा, हे स्लाइड सांगते.

एका सडाच्या दुधात २ लाखांहून जास्त पेशी असतील तर त्या सडात संसर्ग असावा असं सहसा धरतात. मागच्या उजव्याचा १.७३ लाख त्या रेषेजवळ आहे, आणि २२ पेशींवर मोजलेला आकडा ढिला असतो. अशा ठिकाणी आणखी १०० दृश्यं मोजा. ४०० पेशी मोजल्या तर नुसत्या योगायोगाने येणारी चूक ५ टक्क्यांवर येते, २२ पेशींवर ती २० टक्क्यांच्या वर असते. ३१२ पेशींचा सड पुन्हा मोजत बसायची गरज नाही. वेळ शंकेच्या जागी खर्च करा.

शक्य असेल तर मोजणाऱ्याला कोणता चौकोन कुठल्या सडाचा हे सांगू नका. गोठ्यात कुठला सड गरम लागला होता हे माहीत असलं की डोळा तिथे जास्त पेशी शोधतो. पेन्सिलीच्या टोकावर कागदी पट्टी चिकटवायची, आकडे वहीत उतरले की काढायची.

फोटो

मोबाइलने आयपीसमधून फोटो काढणार असाल तर एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. मोबाइल आपणहून उजेड सुधारतो आणि गडद चौकोन फिका, फिका चौकोन गडद करून ठेवतो. पहिला फोटो स्लाइडवरच्या पेन्सिलीच्या नावाचा, मग १, २, ३, ४ या क्रमाने प्रत्येकी तीन दृश्यं, आणि चौकोन बदलताना मध्ये आकडा लिहिलेल्या कागदाचा एक फोटो. गाईवाल्याला हे चार फोटो एका ओळीत दाखवले की समजावून सांगायला फारसं काही उरत नाही. उपचार मात्र पशुवैद्यच ठरवतील. स्लाइड बघून स्वतःच कासेत औषधाची ट्यूब सोडू नये.

दुधाव्यतिरिक्त नमुन्यांसाठी

छोटे थेंब पाहायचे असतील तर टेफ्लॉनचा थर छापलेल्या आठ किंवा बारा गोल खाचांच्या स्लाइडी मिळतात. थेंब आपल्या वर्तुळातच राहतो. त्यांत दोन खाचा खात्रीच्या चांगल्या आणि खात्रीच्या वाईट नमुन्यासाठी राखून ठेवा.

तळ्याच्या पाण्यातले जिवंत जीव पाहायचे तर १८ मिलिमीटरच्या तीन कव्हरस्लिप (थेंबावर ठेवायच्या पातळ काचा) एका स्लाइडवर जेमतेम बसतात, आणि पहिली पाहीपर्यंत तिसरी वाळायला लागते. कडांना व्हॅसलीन लावा किंवा दोनवरच थांबा. मी दोनवर थांबतो.

ऊतींच्या बाबतीत हीच कल्पना फार पुढे गेली आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत कोनोनेन आणि सहकाऱ्यांनी ०.६ मिलिमीटर जाडीच्या गाठींच्या कांड्या एका मेणाच्या ठोकळ्यात रोवून टिश्यू मायक्रोअॅरे मांडला. त्या ठोकळ्याचा एक काप घेतला की शेकडो रुग्णांच्या गाठी एका स्लाइडवर येतात. तिथेही दिशा कळावी म्हणून मांडणी मुद्दाम एका कोपऱ्यात असमान ठेवतात. पेन्सिलीचं टोक डावीकडे, हाच तो नियम.

स्लाइड जपून ठेवणं

मोजणी झाली की तेल लेन्स पेपरने टिपून घ्या, घासू नका. स्लाइड खाचांच्या डब्यात, उजेडापासून दूर ठेवा. मिथिलीन ब्लू उजेडात विटतो. डब्याच्या झाकणावर खाचेचा नंबर, गाय आणि तारीख लिहा.

उपचारानंतर तीन-चार आठवड्यांनी त्याच चार सडांचे नमुने पुन्हा घ्या आणि नवी स्लाइड करा. जुनी स्लाइड बाहेर काढून नवीच्या शेजारी ठेवायचा मोह होतो. ठेवा, पण रंगावरून काही ठरवू नका, दोन्ही वेगळ्या दिवशी वेगळ्या स्टेनमध्ये रंगल्या आहेत. जुन्या पानावरचे चार आकडे आणि आजचे चार आकडे शेजारी लिहा. नव्या स्लाइडवर मागच्या डाव्याची तुलना तिच्याच इतर तीन चौकोनांशी करा.